अस्वलाच्या पोटातली गाठ

मला किळस फार लवकर येते. दुसऱ्याच्या उष्ट्या कपाची येते, ओल्या पायपुसण्याची येते, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या डोक्यावरच्या तेलाची येते. घरातले हसतात. नातू तर मुद्दाम नाकात बोट घालून माझ्याकडे बघतो. मागच्या महिन्यात लेकीने त्याच्यासाठी पाणघोड्याच्या आकाराची बसायची गादी मागवली. आत थर्माकोलचे दाणे. बसलं की खचते आणि अंगाभोवती गोळा होते. "आई, एकदा बसून तर बघ," लेक म्हणाली. मी आधी वाकून तिचा वास घेतला, पोटाकडे, शिवणीला नाक लावून. लेकीला ते विचित्र वाटलं असणार. नव्या प्लास्टिकचा वास होता, दुसरं काही नाही. तरी मी बसले नाही. असं एक जनावर मी स्वतःच्या हाताने शिवलं होतं, पंधरा वर्षांची असताना, आणि त्याच्या पोटातून जे निघालं त्याची शिसारी या वयातही गेलेली नाही.

आमचं घर गोंडपिपरीकडच्या एका गावात, रस्त्याला लागून. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. ते शिंपी. ओसरीवर मशीन, मशीनच्या पायाशी कतरणींचा ढीग, आणि दिवसभर टरटर. भाऊंचा हात फार साफ होता, पण सुईत दोरा ओवण्याआधी ते दोऱ्याचं टोक तोंडात धरून ओलं करायचे, आणि त्या तोंडात चोवीस तास तंबाखू. पिवळसर झालेलं ते टोक पोलक्याच्या काजात जाताना पाहिलं की मला मळमळायचं. गावातल्या बायका ते पोलकं घालून लग्नाला जायच्या. माय परसात सुकट वाळत घालायची, त्यावर माश्या, आणि त्याच हाताने ती माझी वेणी घालायला यायची. मी मान हलवली की पाठीत धपाटा बसायचा. "मोठी महारानी आली," ती म्हणायची, "साऱ्याची घान येते इले."

माय कुठलीच चिंधी फेकत नसे. प्रत्येक चिंधीत काहीतरी बांधलेलं असे, जवस, लसणीचं बी, ओवा. तिची गाठही वेगळीच होती. दोनदा पीळ देऊन टोक आत खुपसायची, मग ती गाठ तिच्याशिवाय कुणाला सुटायची नाही. भाऊ बाजाराला जाताना शिदोरी न्यायचे ती बिचारे दातांनी सोडायचे. पण मायच्या हातची एक गोष्ट मला मनापासून आवडायची, ती गुळाची भाकर. ज्वारीच्या पिठात ती काहीतरी कालवून थापायची, तांबूस, जाडसर, कडेला थोडी करपलेली. पावसाळ्यात, घरात भाजीला काही नसलं की ती हमखास व्हायची. मी तव्यावरची तशीच उचलायची आणि तोंड पोळून घ्यायची. गूळ डब्यात कधी दिसायचा नाही, पण मी तेवढा विचार केला नाही.

गावाच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, बुधाबाईचं घर होतं. त्या गोंड लोकांच्या चार घरांतलं शेवटचं. चैतात सकाळी सकाळी ती आमच्या मागच्या दारी येई, डोक्यावर टोपली, टोपलीवर पळसाची पानं झाकलेली. माय तिला आत परसात घेई, दोघी काहीतरी हळू बोलत, मग बुधाबाई रिकामी टोपली आणि कापडाचे दोनचार तुकडे घेऊन जाई. "चिंध्या मांगाले येते," माय सांगायची. ती गेली की माय दारात पाणी शिंपडायची. बुधाबाईच्या अंगाला मोहफुलांचा वास असे, गोडसर, जड, घशात बसणारा. आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं, मोह ते लोक खातात, मोहाची दारू ते लोक पितात, आपण नाही. आम्ही शिंप्याचे, इस्त्रीच्या घरातले. मी तो वास आला की ओढणी नाकाला लावायची, आणि बुधाबाईला दिसेल अशीच लावायची.

आठवीत नापास होऊन मी घरी बसले होते, तेव्हा गावात बालवाडी सुरू झाली. समाजमंदिराच्या खोलीत वीस-बावीस लेकरं, आणि चंद्रपूरहून आलेल्या एक मॅडम. त्यांना हाताखाली मदतनीस हवी होती. सकाळी घरोघर फिरून पोरांना गोळा करायचं, खोली झाडायची, सरकारी खाऊची सुकडी वाटायची. मला ती जागा हवी होती. किती हवी होती हे आज सांगून कळणार नाही. ओसरीवरची ती तंबाखू, ते सुकट, ती टरटर, या सगळ्यातून उठून रोज सकाळी धुतलेली साडी नेसून कुठेतरी जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोघी-तिघी मागे लागल्या होत्या. मॅडमकडे प्रशिक्षणात मिळालेलं एक पुस्तक होतं, त्यात जनावराच्या आकाराच्या पिशवीत भुसा भरून केलेलं लेकरांचं आसन होतं. "असं कुणी शिवून दिलं तर मुलं रडायची थांबतील," मॅडम म्हणाल्या. मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मी शिवते म्हणाले.

पुस्तकात ससा होता. मी अस्वल केलं, कारण घरात काळं कापड होतं. मायचे दोन जुने परकर आणि एका मोडक्या छत्रीचं कापड. परकर मी तीनदा साबणात उकळले, तरी कापताना नाकपुड्या आखडून धरल्या होत्या. कलिंगडाच्या फोडीसारखे सहा तुकडे कापून जोडले की गोल पोट होतं, खाली छत्रीच्या कापडाचं गोल बूड, वर डोकं, दोन कान, चार पंजे. छातीवर भाऊंच्या धोतराचा पांढरा पट्टा लावला, आपल्याकडच्या अस्वलाला असतो तसा. कोटाचं मोठं बटण नाकाला आणि लाल पोलक्याच्या कतरणीची जीभ. भाऊ मशीन थांबवून बघत होते. मी सुंदर शिवलं होतं हे त्यांना कळलं, पण त्यांनी बोट ठेवलं ते नेमकं चुकीवर.

"आतली थैली कुठी हाय?" ते म्हणाले. "कोंडा थैलीत भरावा, थैली खोळीत घालावी. म्हंजे खोळ काढून धुता येते."

"कोन धुते तिले? लेकरंच तं बसतीन."

"लेकरं बसतीन म्हूनच सांगून राह्यलो," भाऊ म्हणाले आणि पुन्हा मशीनवर वाकले.

मी अस्तराची थैली शिवली नाही. मॅडमना दुसऱ्या दिवशी अस्वल न्यायचं होतं. भरायला धानाचा कोंडा हवा होता. मागच्या अंधाऱ्या खोलीत आमची धान्याची जुनी ढोली होती, बांबूची, शेणाने लिंपलेली, माणसाच्या छातीएवढी. वरून बघितलं की काठोकाठ कोंडा. वरून काढला असता तर पातळी खाली गेलेली मायला दिसली असती, आणि ती ओरडली असती. म्हणून मी ढोलीच्या बुडाशी धान्य काढायचं जे भोक असतं, त्यातला चिंध्यांचा बोळा ओढला आणि अस्वलाच्या पोटाचं उघडं ठेवलेलं तोंड तिथे लावलं. त्या खोलीत उंदराच्या लेंड्यांचा असा दर्प होता की मी मान पूर्ण पाठीमागे वळवली, डोळे मिटले आणि एका हाताने चाचपडत भरत राहिले. कोंड्याबरोबर हाताला चिकट, वाळकं काहीतरी लागत होतं. मध्येच कापडाचे दोनतीन घट्ट बोळे आले. उंदरांसाठी कोंबलेल्या चिंध्या असतील, म्हणून मी तेही आत ढकलले. एकदाही वळून बघितलं नाही. दाभणाने दुहेरी दोरा घालून तोंड शिवून टाकलं, आणि हात राखेने कोपरापर्यंत घासले.

बालवाडीत अस्वलाने धमाल केली. पोरं त्याच्या पाठीवर पडायची, कान ओढायची, जीभ चोखायची. मला ती जीभ बघवायची नाही. बुधाबाईची पोरगी तानी, चारेक वर्षांची, ती पहिले आठ दिवस दारातून आत आली नव्हती. अस्वल आलं आणि ती सरळ येऊन त्याच्या पोटात बसली. ती त्याच्याशी गोंडीत बोलायची, तिच्या मायला हाक मारावी तसं "यायो, यायो" म्हणत त्याच्या कानात काहीतरी सांगायची. रोज सगळ्यात आधी येऊन जागा धरायची. मॅडम खूश झाल्या. "सिंधू, तुझं नाव मी वर पाठवते," असं त्या मला म्हणाल्या, आणि त्या रात्री मी मनातल्या मनात साडीचा रंगसुद्धा ठरवला.

श्रावणात जमीन पाझरायला लागली. त्यात लेकरं अस्वलावर बसल्या बसल्या मुतायची. खाली छत्रीचं कापड, त्यामुळे आत गेलेलं पाणी आतच राहायचं. थैली वेगळी नसल्याने धुवायचा प्रश्नच नव्हता. मी वरून फडकं फिरवायची आणि फडकं चिमटीत धरून फेकून द्यायची. एका सोमवारी मी आणि मॅडम खोलीत शिरलो तर वास. आंबूस, गोड, नासल्यासारखा. मॅडमनी रुमाल लावला. "कशाचा वास आहे हा?"

मला तो वास ओळखू आला. तानी अस्वलात बसली होती. मी क्षणभरही थांबले नाही.

"तानीच्या अंगाचा येते मॅडम," मी म्हणाले. "मोहाचा वास हाय. यांच्या घरी दारू काढतेत."

बुधाबाईच्या घरी भट्टी होती की नव्हती, मला माहीत नव्हतं. मी कधी बघितली नव्हती. पण मी म्हणाले आणि ते सगळ्यांना पटलं, इतकं सहज पटलं की मलाही ते खरंच वाटलं. मॅडमनी तानीला बाहेर व्हरांड्यात बसवलं. सुकडीही तिला तिथेच दिली. ती रडली नाही. उंबरठ्याला पोट टेकवून ती आत अस्वलाकडे बघत बसायची, आणि मी जाता-येता तिला पायाने थोडं मागे सारायची. हो, पायाने. हाताने नाही. हे मी लिहायचं की नाही, याचा दोन दिवस विचार केला.

चार दिवस झाले, वास वाढतच होता. "ती तर बाहेर आहे," मॅडम म्हणाल्या. मी तोंडावर आपटले होते, आणि मदतनीस म्हणून माझं नाव अजून पक्कं झालेलं नव्हतं. म्हणून मी नवीन काढलं: तानीनेच कानापाशी शिवण सैल करून आत काहीतरी कोंबलं असणार. शनिवारी सुकडी न्यायला सगळ्या बाया येतात, तेव्हा अस्वल उसवून दाखवते, असंही सांगून टाकलं. घरी जेवताना मायला हे सांगितलं तर तिचा हात ताटावरच थांबला.

"उसवू नको," ती म्हणाली. "जाळून टाक."

"काऊन? साऱ्यांले दिसू दे ना."

"मी सांगतो तं आयक. जाळ."

त्या आठवड्यात मी दोनदा तिला मागच्या खोलीत ढोलीपाशी वाकलेलं बघितलं होतं. तिला तेव्हाच कळलं असणार. तिने मला विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी स्वतः सांगावं लागलं असतं. शनिवारी ती कधी नव्हे ती समाजमंदिरात आली आणि बायांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. बुधाबाईही आली होती. ती व्हरांड्यात, तानीजवळ.

मी पात्याने अस्वलाचं पोट उसवलं. आधी कोंडा पडला, मग ओला, काळा पडलेला कोंडा, आणि मग गोळे. चिकट, काळपट, एकमेकांत मुरलेले, त्यांच्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. सगळ्या बाया मागे सरल्या. मोहफुलं होती. मूठभर नव्हती, पायलीभर होती. चार वर्षांच्या पोरीने कानातून कोंबावी एवढी नव्हती, हे कुणालाही दिसत होतं. मला ओकारी आली, पण मी सगळ्यांसमोर उभी होते, म्हणून गिळली. मग भरताना मी आत ढकललेल्यांतला एक कापडाचा बोळा घरंगळत माझ्या पायाशी आला. ती पुरचुंडी होती. आत काय आहे ते दाखवावं म्हणून मी गाठ सोडायला गेले. सुटेना. नख लावलं, ओढलं, सुटेना. दोनदा पीळ देऊन टोक आत खुपसलेलं होतं. मी भिंतीकडे बघितलं नाही.

बुधाबाई आत आली. तिने माझ्या हातातली ती घाण पुरचुंडी घेतली, पदराला पुसली. तिच्या चेहऱ्यावर किळस नव्हती.

"मोह माहा हाय," ती म्हणाली. "चैतात मीनंच देल्ला होता. आमच्यात मोह देवाले वाह्यते, त्याची लाज नाई मले. पन हे गाठ माही नाई." ती भिंतीकडे वळली. "तुमी सांगा बाई, कोनाची हाय."

माझी माय म्हणाली, "मले काय मालूम. अशी गाठ कोनी बी मारते."

मग बुधाबाईने माझ्याकडे बघितलं. मी अळ्यांकडे बघत राहिले. मॅडमनी एकदा इस्त्रीची साडी नेसलेल्या मायकडे पाहिलं, एकदा बुधाबाईकडे, आणि त्यांचं काय ठरलं ते मला दिसलं. "जाऊ दे आता," त्या म्हणाल्या, "झाडून काढा सगळं." या गडबडीत तानीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती व्हरांड्यातून आत आली होती आणि अस्वलाच्या रिकाम्या कातड्यावर, त्या ओल्या कोंड्यात, मांडी घालून बसली होती. बुधाबाईने तिला उचललं. "चाल," एवढंच म्हणाली.

मला ती जागा मिळाली. पहिलं काम होतं तानीला आणायचं, कारण पटावर नाव होतं आणि मुलं कमी दिसायला नको होती. मी आकाशी साडी नेसून गेले. बुधाबाई दारात रानातली काटवलं निवडत बसली होती. तानी तिच्या मागे लपली.

"मॅडमनं बलावलं हाय तानीले," मी म्हणाले.

"आता नाई येनार का तिचा वास?"

तिने एक काटवल उचलून किडकं निघालं म्हणून बाजूला टाकलं.

"तू सांगतलं का मॅडमले, तो मोह तुमच्या ढोलीतला होता म्हून?"

"नाई."

"सांग. साऱ्या बाया असतीन तवा सांग. मंग मी सोता आनून सोडीन पोरीले. नाई तं नको येजो."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी परत आले आणि मॅडमना सांगितलं, "तिची माय नाई म्हणते." मॅडमनी तानीच्या नावावर रेघ मारली. पुढे ती शाळेतही गेली नाही. मी त्या बालवाडीत, मग अंगणवाडीत, एकूण एकतीस वर्षं काम केलं. रोज सकाळी त्या घरावरून गेले, कुंपणाशी उभी असलेली पोरगी बघता बघता डोक्यावर मोळी घेऊन जाणारी बाई झाली, आणि मी दर वेळी पलीकडच्या बाजूने चालले. घाण वाटायची म्हणून नाही. आज स्वतःची जितकी घाण वाटते तितकी मला त्या अळ्यांचीही वाटली नव्हती. बुधाबाईने जे सांगायला सांगितलं होतं ते मी पहिल्यांदा इथे लिहिते आहे, आणि ज्यांच्यासमोर सांगायचं होतं त्यातली एकही बाई आता हे वाचणार नाही.

पण मला सांगायची आहे ती त्याच शनिवारची संध्याकाळ. मी परसात बादलीभर पाण्याने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि येऊन चुलीपाशी बसले. भाऊ ओसरीवर होते, मशीन बंद होतं. मायने तव्यावरची भाकर काढून माझ्या ताटात वाढली. तांबूस, जाडसर, कडेला करपलेली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्यात काय आहे हे मला आता माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही कळत होतं. मी तुकडा मोडला. आता ओकारी येईल म्हणून मी वाट बघितली, पण आली नाही. भाकर नेहमीसारखीच गोड लागली. मी आणखी एक मागितली, आणि मायने वाढली.